पुस्तकातला पुतण्या

दुकानात ताईला सगळे 'चौकशी' म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं, कारण पाठीमागे काय चालतं ते ठाऊक करून घेतल्याशिवाय तिला घास उतरत नसे.

तिचा धंदा तसा रफूचा. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या अंगाला, वाफेच्या इस्त्रीशेजारी, खिडकीखाली तिचं टेबल. कोटाला सिगारेटचं भोक पडो की शालीला उंदीर लागो, ती असं भरून काढायची की गिऱ्हाईक कापड उजेडात धरून भोक शोधत बसे. पण रफूच्या आधीचं एक काम होतं आणि ते मालकानं तिच्याकडेच दिलं होतं: खिसे तपासायचं. कपडा मशीनमध्ये जायच्या आधी त्याचा खिसा न् खिसा उलटा करायचा, निघेल ते पाकिटात घालायचं, पावतीचा नंबर टाचायचा. एक पेन राहिलं तरी अख्ख्या घाण्याचे कपडे निळे. ताई आली तेव्हापासून निळं काही झालं नव्हतं. मात्र तिच्या स्वभावाला जो रंग चढला तो काही उतरला नाही.

"माणूस तोंडानं एक बोलतो आणि खिशानं दुसरं," ती म्हणायची.

"मग माझ्या खिशात काय आहे सांगा बघू," इस्त्रीवाला तिला डिवचायचा.

"तुझ्या खिशाला भोक आहे. आणि बायकोला सांगितलंयस की मालक पगार उशिरा देतो."

इस्त्रीवाला गप्प इस्त्री दाबायचा. वाफ जास्तच निघायची.

ती जन्मतः अशी नव्हती. आई गेली तेव्हा धाकटी बहीण अजून रांगत होती, ताई शाळेत. शाळा सुटली ती सुटलीच. धाकटीला कडेवर घेऊन ती शेजारच्या शिंप्याकडे काजं करायला बसे. धाकटी बटणं तोंडात घाली, ताई बोट घालून काढे. पुढे ताईचं लग्न झालं. नवरा यंत्रांचे सुटे भाग विकत गावोगाव फिरणारा. आठवड्यातले निम्मे दिवस बाहेर. ताई भोळी. तो आला की दार उघडायची, गेला की लावायची, मधल्या दिवसांबद्दल कधी विचारलं नाही. मग एकदा त्याचा कोट धुवायला घेतला आणि आतल्या खिशात एक मोजा निघाला. तळहातात मावेल एवढा, पिवळा. यांना मूलबाळ नव्हतं. नवा मोजा असता तर ती समजली असती की कुणाला द्यायला घेतलाय. पण त्याची टाच झिजलेली होती. म्हणजे त्यात पाय चालत होता.

ती ओरडली नाही, रडली नाही. चहाच्या कपाशेजारी मोजा ठेवला. नवऱ्यानं चहाकडे पाहिलं, मोज्याकडे पाहिलं, आणि चपला घालून जो गेला तो गेलाच. चहा तिनंच मोरीत ओतला.

तेव्हापासून तिच्या मनात जी पाल चुकचुकायला लागली ती कायमची मुक्कामाला राहिली. दूधवाल्यानं हसून माप दिलं तरी चुकचुकायची, न हसता दिलं तरी चुकचुकायची. पुढे धाकटीचा नवरा तापानं गेला आणि ती ताईकडे राहायला आली. दोन खोल्या, दोन बहिणी. सकाळी एक चहा करी, दुसरी पाणी भरी. धाकटी दाताच्या डॉक्टरकडे फोनवर बसायची. संध्याकाळी दोघी जेवायला बसत आणि धाकटी दिवसभराच्या दाढांच्या गोष्टी सांगे. धाकटी हसायची खूप. ताईला वाटायचं, एवढं हसणाऱ्या माणसाची राखण कुणीतरी करायलाच हवी.

म्हणूनच ती इंग्रजीच्या वर्गाला गेली. शिकायला नाही, राखणीला. डॉक्टरनं धाकटीला सांगितलं होतं की फोनवर इंग्रजी बोलता आलं पाहिजे. वाचनालयाच्या वरच्या खोलीत एक म्हाताऱ्या बाई मोठ्या माणसांना शिकवत. संध्याकाळची वेळ, जिना अंधारा, कोण कुठली माणसं येणार. ताई बहिणीबरोबर गेली आणि दाराशी स्टूल घेऊन बसली.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "बसलाच आहात तर पुढे बसा. फुकटच आहे."

"फुकट कसं परवडतं तुम्हाला?" ताईनं लगेच विचारलं.

"नाही परवडत," बाई म्हणाल्या. "बसा."

बाई कधीकाळी शाळेत शिकवायच्या. त्यांची पद्धत निराळी. व्याकरण थोडं, पुस्तक जास्त. एक जुनी इंग्रजी कादंबरी, शाळेसाठी सोपी केलेली. कडा खाल्लेल्या तिच्या मोजक्या प्रती. तासाला त्या वाटायच्या, तास संपला की मोजून परत घ्यायच्या. घरी न्यायला सक्त मनाई. "घरी नेलं की माणूस शेवट वाचतो," बाई म्हणत, "आणि शेवट कळला की माणसं बघायची सोडतो."

गोष्ट अशी: समुद्राकाठी एक मोठं घर. त्यात एक आंधळा म्हातारा आणि त्याचं घर सांभाळणारी हाउसकीपर. लहानपणी जहाजावर पळून गेलेला म्हाताऱ्याचा पुतण्या एके दिवशी परत येतो. निदान तो तसं सांगतो. म्हातारा त्याचा हात हातात घेतो, बराच वेळ धरतो आणि ठेवून घेतो.

बाईंनी एकेकाला एकेक पात्र दिलं, अख्ख्या पुस्तकासाठी. ते पात्र काय बोलतं, काय करतं, दुसरे त्याच्याविषयी काय म्हणतात, असे तीन भाग फळ्यावर करायचे. आणि मग खुर्ची. टेबलाच्या टोकाला एक खुर्ची होती. तिच्यावर बसलं की तुम्ही तुम्ही नाही, पात्र. बाकीचे प्रश्न विचारणार, तेही आपापल्या पात्राच्या तोंडून, आणि सगळं इंग्रजीत. बेकरीवाल्याला गावचा डॉक्टर मिळाला. रिटायर्ड ड्रायव्हरला पाद्री. आंधळा म्हातारा धाकटीला, ती डोळे मिटून असा काही हात पुढे करायची की ड्रायव्हर म्हणे, "पोरी, मला खरंच तुला रस्ता ओलांडून द्यावासा वाटतो!"

ताईला हाउसकीपर मिळाली. आणि पुतण्या मिळाला वायरमनला.

वायरमन म्हणजे पहिल्याच दिवशी खोलीतली फडफडणारी ट्यूब न सांगता स्टुलावर चढून ठीक करणारा माणूस. चाळिशी उलटलेली, केस थोडे, बोलणं मऊ. ताईनं तेव्हाच मनात नोंदवलं: न सांगता काम करतो. का करतो?

हाउसकीपर ताईला इतकी पटली की विचारू नका. ती बाईही संशयी. पुतण्या पहिल्या रात्री जिना चढतो तेव्हा एक पायरी करकरते. हाउसकीपर अंथरुणात उठून बसते. त्या घरात वाढलेलं प्रत्येक पोर ती पायरी टाळून चढतं. ह्याला कशी माहीत नाही? हे वाचून झालं तेव्हा ताईनं टेबलावर थाप मारली. "बघा! मी म्हणत नव्हते?"

"इंग्लिश, इंग्लिश," बाई म्हणाल्या.

"आय टोल्ड!" ताई म्हणाली.

त्याच सुमारास धाकटीनं भाजी निवडता निवडता सांगितलं. "ताई, वायरमननं मला विचारलंय."

"काय विचारलंय?"

"लग्नाचं."

ताईच्या हातातली जुडी तशीच राहिली. "आणि तू काय सांगितलंस?"

"मला हो म्हणायचंय," धाकटी म्हणाली. ती हसत नव्हती. "पण तुझ्या तोंडून हो आल्याशिवाय म्हणणार नाही. तू मला कडेवर वाढवलंस. तू नाही म्हणालीस तर नाही. पण ताई, एकदा काय ते सांग. टांगून ठेवू नकोस."

ताईला जे सुचलं ते तिला फार शहाणपणाचं वाटलं. "पुस्तक संपू दे," ती म्हणाली. "मग सांगते."

"पुस्तकाचा काय संबंध?"

"आहे संबंध. बघते आहे मी त्याला."

आता झालं होतं असं, की शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत त्याच भांड्यातलं पाहिजे, एवढं भान ताईला उरलं नव्हतं. वायरमन खुर्चीवर बसला की हाउसकीपरच्या आडून ती स्वतःचेच प्रश्न विचारू लागली.

"बिफोर, व्हेअर यू लिव्ह?"

"ऑन अ शिप, मॅडम," वायरमन पुतण्याच्या तोंडून म्हणाला.

"यू हॅव वाइफ?"

वायरमन क्षणभर थांबला. मग हसून म्हणाला, "मॅडम, सी इज नॉट गुड प्लेस फॉर वाइफ."

बाईंनी टाळ्या वाजवल्या. "वा! वाक्य पुस्तकात नाही, पण पात्रात आहे."

ताईनं टाळी वाजवली नाही. थांबला का? आणि हसला का? घरी येताना ती धाकटीला म्हणाली, "किती सफाईनं उडवून लावलं, पाहिलंस?"

"अगं, तो पुतण्या होता तेव्हा!"

"बोलला कोण? तोंड कुणाचं?"

"मग मी आंधळी आहे का?"

"त्याच्या बाबतीत आहेस," ताई म्हणाली.

शोध सुरू झाला. वायरमनचा कोट खांद्यापाशी उसवला होता, ताईनं भलत्याच प्रेमानं मागून घेतला, "द्या, दुकानातून धुऊनही आणते." दुकानात खिसे उलटे केले. फ्यूजची तार निघाली, टेस्टर, चिकटपट्टीचं कडबोळं. आणि आतल्या खिशात गोळीचा चुरगळलेला कागद. लहान मुलं चघळतात तसली, लिमलेटची. ताई तो कागद खिडकीच्या उजेडात धरून किती वेळ उभी होती कोण जाणे.

"काय सापडलं? खजिना?" इस्त्रीवाल्यानं विचारलं.

"लहान मूल," ताई म्हणाली.

"खिशात?"

"तुझी इस्त्री बघ. कापड जळतंय."

पुढच्या तासाला तिनं पुतण्याला खुर्चीवर विचारलं की तुला गोळ्या आवडतात का. पुतण्या गोंधळला, वायरमनही गोंधळला. "यस मॅडम. सिगारेट स्टॉप. सो, स्वीट." ड्रायव्हर म्हणाला, "त्या काळी जहाजावर लिमलेट होतं का हो बाई?" सगळे हसले. ताई नाही. उत्तर तयार होतं, म्हणजे आधी योजलेलं होतं. आणि अडखळला असता, तर अडखळला म्हणून धरला असता. संशयाच्या कोर्टात सुटकेला दार नसतं.

पुस्तक हळूहळू सरत होतं, आणि धाकटी जेवताना गोष्टी सांगेनाशी झाली होती. ताई विचारी, "आज कुणाची दाढ?" ती म्हणे, "झाल्या आपल्या दोन-चार." ताईला ते सोसेना. शेवटची थोडी पानं राहिली. पुतण्या खरा की खोटा? तिच्या मनात आता हा प्रश्न एकच उरला होता, आणि त्यात दोन माणसं एकत्र कोंबलेली होती. ज्या दिवशी धडा नेमका अर्ध्यावर थांबला त्या दिवशी तिनं एक प्रत रफूच्या पिशवीत सरकवली. वर दोऱ्यांची रिळं.

बाईंनी प्रती मोजल्या. पुन्हा मोजल्या. "एक कमी आहे."

सगळे एकमेकांकडे पाहायला लागले, आणि ताईला विचित्र वाटलं, कारण आयुष्यभर जे ती एकटी करत होती ते आज सगळेजण करत होते. प्रती गोळा करून बाईंच्या हातात दिल्या होत्या वायरमननं. एकेकाची नजर त्याच्यावर जाऊन थांबली. बेकरीवाला तर स्पष्टच म्हणाला, "तुमच्याच हातून गेल्या ना सगळ्या?"

वायरमननं मान वर केली. त्याची नजर क्षणभर ताईच्या पिशवीवर टेकली आणि उठली. "हो, माझ्याच हातून," तो म्हणाला. "राहिली असेल कुठंतरी. मी बघतो बाई. मिळेल."

ताईनं पिशवी जवळ ओढली. म्हणजे ह्यानं पाहिलंय. पाहूनही बोलला नाही. दुसरी कुणी असती तर तिथंच विरघळली असती. ताईच्या मनात आलं: हा झाकतो तर किती बेमालूम झाकतो! ज्याला दुसऱ्याचं असं झाकता येतं, त्याला स्वतःचं किती येत असेल!

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, प्लॅस्टिकमध्ये टांगलेल्या कोटांच्या मागे बसून, डिक्शनरी मांडीवर घेऊन तिनं शेवट वाचला. एकेक ओळ म्हणजे एकेक भोक भरण्यासारखं. इस्त्रीवाल्यानं दोनदा डोकावून पाहिलं. शेवटी अर्थ लागला. म्हातारा मरणाच्या आधी पुतण्याला जवळ बोलावतो आणि सांगतो: माझ्या पुतण्याची करंगळी लहानपणी दारात चेमटली होती, वाकडीच राहिली. तू आलास त्या संध्याकाळी मी तुझा हात धरला, तेव्हाच कळलं की तू तो नाहीस. पण तू रोज संध्याकाळी माझ्यापाशी बसलास. म्हणून मी बोललो नाही.

ताईनं पुस्तक मिटलं. "खोटा!" ती मोठ्यानं म्हणाली. "खोटाच निघाला मेला!"

"कोण?" कोटांपलीकडून इस्त्रीवाला.

"तुला काय करायचंय!"

संध्याकाळी तिनं धाकटीला दारातच गाठलं. "पुतण्या खोटा आहे. मी शेवट वाचला."

धाकटीनं पर्स खाली ठेवली. "पुस्तक तू नेलंस?"

"ते राहू दे. ऐक तर. म्हाताऱ्याला पहिल्यापासून..."

"त्याच्यावर आळ आला, ताई. सगळे त्याच्याकडे बघत होते. आणि पुस्तक तुझ्या पिशवीत होतं. तू बसून राहिलीस."

"मी द्यायचीच होते परत."

"सगळ्यांचे खिसे तपासतेस," धाकटी म्हणाली, "आणि स्वतःची पिशवी?"

त्यानंतर ती बोलली नाही. दोघी जेवल्या. भांड्यांचाच काय तो आवाज. त्या आवाजात ताईला एक गोष्ट अगदी जवळून कळली: एका ताटाचा आवाज कसा असेल, ते. तिनं भात पुढे सरकवला आणि ती उठली.

पुढच्या तासाला बाईंनी ताईला खुर्चीवर बोलावलं. "आज हाउसकीपर. शेवट वाचण्याआधी काय विचारायचं ते विचारून घ्या."

ताई बसली. पिशवी मांडीवर. बेकरीवाल्यानं विचारलं, पुतण्याबद्दल पुरावा काय आहे? ताईनं करकरणारी पायरी सांगितली. ड्रायव्हरनं विचारलं, तुम्ही प्रार्थना करता का? ताई म्हणाली, "नो टाइम." लोक हसले. मग धाकटीनं हात वर केला. तिनं डोळे मिटले, आंधळ्या म्हाताऱ्यासारखे; पण आवाज तिचा स्वतःचा होता.

"हाउसकीपर," ती सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाली, "इफ ही इज ट्रू... इफ ही इज अ गुड मॅन... व्हॉट डू यू लूज?"

ताईनं लगेच तोंड उघडलं. उत्तरं पुष्कळ तयार होती: घर लुटलं जाईल, मालक फसेल. पण प्रश्न उलटा होता. तो खोटा असला तर नाही. तो खरा असला तर तुझं काय जातं? इतक्या दिवसांत वर्गातल्या कुणी हे विचारलं नव्हतं, आणि स्वतः ताईनं तर नाहीच नाही. आणि इंग्रजीत तिच्याकडे आडपडद्याला शब्द कुठं होते? मराठीत तिनं वीस वाटांनी वळसा घातला असता. इंग्रजीत तिच्यापाशी एकच वाट होती, सरळ.

"आय ईट अलोन," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा खाली पाहत: "एव्हरी डे. आय ईट अलोन."

कुणी हसलं नाही. बाईंचा खडू हातातच राहिला. धाकटीनं डोळे उघडले होते आणि ते भरले होते.

ताईनं पिशवीतली रिळं बाजूला केली, पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. "मी नेलं होतं बाई," ती म्हणाली. "ह्यांच्यावर आळ आला तो खोटा."

बाईंनी पुस्तक उचललं, फुंकर मारली. "शेवट वाचलात?"

"वाचला."

"मग काय कळलं?"

"पुतण्याचं सगळं कळलं," ताई म्हणाली. "ह्यांचं काहीच नाही." तिनं वायरमनकडे बोट केलं. बेकरीवाल्याला खोकला आला.

तास सुटल्यावर वाचनालयाच्या पायऱ्यांवर तिनं वायरमनला अडवलं. धाकटी दोन पायऱ्या खाली थांबली.

"तुम्ही पाहिलं होतं मला."

"पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं, ताई? वाचायलाच नेत होतात. आणि आळाचं म्हणाल, तर गल्लीत लाइट गेली की पहिलं नाव माझंच निघतं. सवय आहे."

ताईनं त्याला नीट न्याहाळलं. उत्तर गोड होतं आणि तिला गोड उत्तरांचा तिटकारा होता. तिनं पदर खोचला. आता खुर्ची नव्हती, हाउसकीपर नव्हती.

"बायको होती तुम्हाला?"

धाकटी खालून म्हणाली, "ताई..."

"तू थांब. होती?"

"होती," वायरमन म्हणाला. "सोडून गेली."

"का?"

तो पायरीच्या कडेला चप्पल घासत राहिला. "खरं सांगू? अजून कळलेलं नाही. पुष्कळ वेळा विचार केला. मारझोड नव्हती, दारू नव्हती. एका सकाळी म्हणाली, मी जाते. मी ट्यूब बदलत होतो. मी म्हटलं, बरं. आता वाटतं, 'बरं' म्हणायला नको होतं. पण तेच कारण होतं का, ते काय ठाऊक."

"आणि हे हिला माहीत आहे?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं. तिनं तुम्हाला सांगितलं नाही?"

ताईनं खाली पाहिलं. धाकटीनं मान फिरवली. "तुला सांगितलं असतं तर तू तिला शोधून काढून तिचे खिसे तपासले असतेस," ती म्हणाली.

हे लागलं. पण खोटं नव्हतं. घरातली चौकशी इतकी झाली होती की कडेवर वाढवलेलं माणूस लपवाछपवी शिकलं होतं. ताई वायरमनचं उत्तर मनात उलटंपालटं करून पाहत राहिली, शिवणीशिवणीतून, अस्तरातून. उत्तर अगदी बिनकामाचं होतं. त्यानं त्याची बाजू राखली जात नव्हती, बायकोची पडत नव्हती. खोटं बोलणारा माणूस इतकं बिनकामाचं उत्तर शिवत नाही; त्याला निदान एक चांगला खिसा तरी ठेवतो.

खात्री मात्र झाली नव्हती. खात्री व्हावी असं ह्या माणसात काही नव्हतंच, आणि बहुधा कुठल्याच माणसात नसतं, हे तिला आत्ता, ह्या पायऱ्यांवर, पुस्तक परत देऊन हलक्या झालेल्या पिशवीसकट कळत होतं. खात्री होईस्तोवर थांबायचं म्हटलं तर धाकटीचे केस पांढरे होतील. आणि तेव्हाही दोघी जेवत असतील समोरासमोर, न बोलता.

"हो म्हण त्याला," ती एकदम म्हणाली.

"ताई?"

"बहिरी झालीस का? म्हणते ना हो म्हण म्हणून. पण हे 'हो' मी डोळे मिटून दिलेलं नाही, दोघांनी ध्यानात ठेवा. उघडे ठेवून देते आहे."

"उघडेच ठेवा," वायरमन म्हणाला. "आणि जेवायला येत जा."

"रोज?"

तो जरा घाबरला. "रोजचं... तिला विचारून सांगतो."

धाकटीला हसू फुटलं, रडता रडताच. बऱ्याच दिवसांनी फुटलं होतं. तिनं वर येऊन ताईच्या गळ्यात हात टाकले. ताईनं तिला ढकललं, "लोक बघतात," आणि सोडलं मात्र नाही. मग म्हणाली, "व्हा पुढे तुम्ही. मी येते मागून. माझी रिळं सांडली आहेत वर."

रिळं काही सांडली नव्हती. ती दोघं रस्त्याला लागली आणि ताई पायरीवर उभी राहून पाहत राहिली. गाड्या भरधाव जात होत्या. वायरमन हातवारे करत काहीतरी सांगत होता, धाकटी ऐकत होती. दोघं शेजारी शेजारी चालत होती, पण तो दुकानांच्या बाजूनं आणि धाकटी गाड्यांच्या बाजूनं.

"अहो!" ताई एवढ्यानं ओरडली की वाचनालयातली दोन डोकी वर झाली. "अहो वायरमन! तिला आतल्या बाजूला घ्या!"

त्यानं दचकून मागं पाहिलं आणि घाईघाईनं बाजू बदलली. ताई पिशवी काखेत मारून पायऱ्या उतरली आणि त्यांना गाठून हाताच्या अंतरावरून त्यांच्या मागं चालायला लागली.